राँग साईडचे दोनशे मीटर

पोस्ट मोठी आहे, आणि आधीच सांगतो, यात चूक माझी आहे. महापालिका, पोलीस, ठेकेदार यांना शिव्या घालणारी पोस्ट हवी असेल तर ती पुढच्या आठवड्यात लिहीन. विषयांची आपल्या शहरात कमी नाही.

मी सातारा परिसरात राहतो. नोकरी शेंद्र्याला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, सेफ्टी डिपार्टमेंटला. फर्स्ट शिफ्ट सातची, म्हणून सहा-सव्वासहाला बाईकवर घर सोडतो. बीड बायपासने झाल्टा फाटा, मग केंब्रिज चौक, तिथून शेंद्रा.

आमच्या कॉलनीचा रस्ता बायपासला जिथे लागतो तिथे डिव्हायडर सलग आहे. मला जायचं असतं उजवीकडे. नियमाने मी डावीकडे वळायचं, सव्वा किलोमीटर पुढे जाऊन यू टर्न घ्यायचा आणि परत यायचं, म्हणजे अडीच किलोमीटरचा फेरा. आणि उजव्या हाताला, वाहतुकीच्या उलट दिशेने, फक्त दोनशे मीटरवर डिव्हायडरला कट आहे. आता सांगा, कॉलनीतले लोक कुठून जात असतील?

मीही तिथूनच जायचो. चार वर्षं. वर्षाचे २८० दिवस धरले तरी हजाराच्या वर वेळा झालं. रस्त्याच्या अगदी कडेने, वेग पंचवीसच्या आसपास, हेडलाईट चालू. मला स्वतःला मी फार सावध माणूस वाटायचो.

मागच्या वर्षी जानेवारीत, एका शुक्रवारी, सव्वासहाला, मी त्या दोनशे मीटरच्या मध्यावर होतो. त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे चांगलाच अंधार. समोरून झाल्ट्याकडून एक दूधवाला येत होता, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन. तो बरोबर साईडने, बरोबर लेनमध्ये. मला तो दिसत होता. मला वाटलं, त्यालाही मी दिसतोय आणि तो थोडा आत सरकेल, रोज सगळे सरकतात तसा. तो सरकलाच नाही. अगदी जवळ आल्यावर त्याने एकदम हँडल मारलं, गाडी घसरली, कॅन उडाले. मला साधं खरचटलंही नाही. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

रस्त्यावर दूध पसरलं होतं. दोन मिनिटांत कुठून तरी तीन-चार कुत्री आली आणि मागून येणाऱ्या टेम्पोच्या उजेडात दूध चाटायला लागली. हे चित्र अजून जात नाही डोळ्यांसमोरून.

मी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. बिल भरलं, दुधाचे पैसे दिले. एक्स-रेची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा तो मला म्हणाला, “चुकलंच माझं काका. मला वाटलं लाईट तिकडल्या रोडची हाये.”

तो माझी माफी मागत होता.

आणि मी त्याला म्हणालो, “असू दे, असू दे.” चूक माझी होती, हे मी म्हणालो नाही. घरी सांगितलं की एका दूधवाल्याचा अपघात झाला, मी त्याला दवाखान्यात नेलं. कंपनीत उशिराचं कारण तेच सांगितलं. दोन-चार जणांनी कौतुकही केलं. ही पोस्ट लिहायला वर्ष लागलं ते यामुळे.

त्याचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. ‘तिकडल्या रोडची लाईट.’ नीट विचार केला तर त्याच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. अंधारात समोरून एकच दिवा येतोय. दिवा डिव्हायडरच्या अलीकडे की पलीकडे, हे लांबून डोळ्यांना ठरवता येत नाही. मग ते डोकं ठरवतं, आणि डोकं सवयीवरून ठरवतं. समोरून येणारी गाडी नेहमी पलीकडच्या रस्त्यावर असते, म्हणून हीसुद्धा तिकडचीच. त्याने मला पाहिलं होतं. फक्त ‘धोका’ म्हणून पाहिलं नव्हतं.

थोडं गणित करू, सवय आहे मला. तो चाळीसने येत असेल तर सेकंदाला अकरा मीटर. मी पंचवीसने, म्हणजे सात मीटर. दोघं मिळून सेकंदाला अठरा मीटरने एकमेकांकडे जातोय. चालकाला काहीतरी दिसलं, कळलं, आणि पाय ब्रेकवर गेला, याला आपल्याकडे रस्त्याचं डिझाईन करताना अडीच सेकंद धरतात. अडीच सेकंदात आमच्यातलं पंचेचाळीस मीटर अंतर संपतं, ब्रेक लागायच्या आधी. म्हणजे दिवा ‘तिकडचा’ नाही हे त्याला पंचेचाळीस मीटरच्या आत आल्यावर कळलं असेल, तर त्याच्या हातात हँडल मारण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. आणि माझी ‘पंचवीसची सावध स्पीड’ या गणितात त्याच्या बाजूने नव्हती, त्याच्या विरुद्ध होती.

यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं. थोडं अपराधीपणातून, थोडं कामाचा भाग म्हणून. चालकाला धोका कसा जाणवतो आणि तो त्यावर काय करतो, यावर जगात पन्नास वर्षांहून जास्त काळ काम चाललंय. आपल्या महाराष्ट्रातही आहे. आयआयटी मुंबईत प्रा. नागेंद्र वेलगा यांचा गट माणसांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवतो. समोर पडद्यावर रस्ता, अचानक कुणीतरी आडवं येतं, आणि चालकाने किती वेळात काय केलं ते मोजतात. मोबाईलवर बोलताना काय होतं, घाईत असताना काय होतं, याची ते गणिती मॉडेल्स बनवतात. घाई हा खरंच अभ्यासाचा विषय आहे हे वाचून मला बरं वाटलं. सातच्या पंचिंगला धावणाऱ्या माणसाला तो न वाचताही कळतो.

कॅनडातल्या जेराल्ड वाइल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक सिद्धांत मांडला. प्रत्येकाच्या मनात धोक्याची एक पातळी ठरलेली असते, एसीच्या चोवीस डिग्रीसारखी. रस्ता सुरक्षित वाटला की माणूस वेग वाढवून धोका परत त्या पातळीवर आणतो. उदाहरण म्हणून म्युनिकच्या टॅक्सीवाल्यांचं देतात. तिथे काही टॅक्सींना एबीएस ब्रेक बसवले, काहींना नाही. ब्रेक चांगले असलेल्यांचे अपघात कमी व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. ते चालक जास्त जोरात चालवायला लागले होते.

हा सिद्धांत मला पूर्ण पटत नाही. तसं असतं तर सीटबेल्ट आणि हेल्मेटने कुणी वाचलंच नसतं, आणि ते वाचवतात हे मी दवाखान्याच्या बाकावर न बसताही सांगू शकतो. मला जास्त पटले ते फिनलंडचे नाटानेन आणि सुमाला. त्यांचं म्हणणं, सत्तरच्या दशकातलं, असं की चालक धोका मोजत वगैरे काही नसतो. बहुतेक वेळ त्याला धोका जाणवतच नाही. जाणीव शून्य असते. क्वचित कधी काळजात धस्स होतं, तेवढ्यापुरता तो सावध होतो, आणि रोज काही न झाल्याने ते धस्स होणंही हळूहळू बंद होतं.

हे मी आहे. पहिल्या आठवड्यात त्या दोनशे मीटरला माझ्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्या महिन्यात मी तिथून जाताना आज मीटिंगला काय बोलायचं याचा विचार करत होतो. प्रत्येक सकाळी काही झालं नाही, आणि प्रत्येक सकाळने मला शिकवलं की यात काही नाही. हजार धडे. तेही चुकीचे.

आता माझ्या पेशाची गंमत ऐका. आमच्या शॉपमध्ये प्रेसच्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे प्रेस खाली येताना हात आत असूच शकत नाही. एकदा एका ऑपरेटरने एक बटण काडी खुपसून अडकवून ठेवलं होतं. स्ट्रोकमागे दोन सेकंद वाचत होती. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “दोन सेकंदांसाठी हात घालवणार का रे?” तो म्हणाला, “साहेब, सहा महिने झाले, काही नाही झालं.” त्या दिवशी सकाळीही मी राँग साईडनेच आलो होतो.

आमच्याकडे ‘निअर मिस’ची एक पिवळी पेटी असते. निअर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. पाना वरून पडला पण कुणाला लागला नाही, फोर्कलिफ्ट कोपऱ्यावर माणसाच्या एक फूट अलीकडे थांबली, असं काही झालं की कार्ड भरायचं. आम्ही त्या कार्डांवर जीव टाकतो. १९३१ मध्ये हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने हिशेब मांडला होता की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनजखमेचे प्रसंग असतात. आकड्यांवर नंतर बरेच वाद झाले, मीही ते धर्मग्रंथासारखे मानत नाही. पण रक्त सांडायच्या आधी जागा कळते, एवढं तर शॉपवर रोज दिसतं. चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ मी घ्यायला लावतो, साडेतीनशे लोकांना.

आणि गेटच्या बाहेर पडलं की त्यातलं काही नाही. होता होता वाचलं की आपण काय म्हणतो? ‘थोडक्यात वाचलो, देवाची कृपा.’ आणि वर, ‘आपला कंट्रोल चांगला म्हणून वाचलो.’ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये छापलेली एक पाहणी आहे. त्यात अमेरिकेतल्या ९३ टक्के लोकांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी कौशल्याच्या बाबतीत स्वतःला वरच्या निम्म्या चालकांत बसवलं. मी कॅन्टीनमध्ये हात वर करायला सांगितले. सोळापैकी पंधरा हात वर. सोळाव्याकडे गाडीच नव्हती.

आपल्या शहरात हे बघायला कुठे लांब जायला नको. पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा किंवा मकई दरवाजा आठवा. त्या कमानीतून एका वेळी एक चारचाकी जेमतेम जाणार. तिथे माणसं कशी वागत आलीत? हळू होतात, समोरच्याकडे बघतात, हाताने ‘या’ म्हणतात, आरसा मिटतात. रिक्षावालेसुद्धा. शेकडो वर्षांपूर्वीच्या दगडाची आपल्याला भीती वाटते, कारण तो समोर दिसतो. तीच माणसं सेव्हन हिल्सच्या पुलावर चढली की बघा.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल आहे. देशात त्या वर्षी ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवरचे. घाट नाही, वळण नाही, सरळ रस्ता. आपण रोज ज्या खड्ड्यांवर पोस्टी टाकतो त्या खड्ड्यांमुळे गेलेले १,८५६. एक टक्क्याच्या आसपास. (कृपा करून हा आकडा कोणी नगरसेवकांना पाठवू नका, ते फ्लेक्स लावतील. १,८५६ ही माणसं आहेत.) सरळ रस्ते देशात जास्त आहेतच, त्यामुळे अपघातही तिथे जास्त, हे खरं. तरीही खड्डा आपल्याला दिसतो, आपण त्याला टाळतो आणि त्याला शिव्या देतो. गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्याला कुणी शिव्या देत नाही.

समृद्धीचं वेगळं सांगायला नको. कारला ताशी १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर, आणि समोर तासन्‌तास तोच रस्ता. आपल्याच जिल्ह्यात वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकला मागून धडकला आणि १२ भाविक गेले. त्या रात्री नेमकं कुणाचं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. एवढंच, की त्या वेगात पुढे दिसणारे दिवे चालतायत की थांबलेत, हे ओळखणं किती अवघड असतं ते मला आता कळतं. मी एका दिव्यावरून शिकलोय.

हेल्मेटचंही तसंच. जालना रोडला सकाळी उभं राहून बघा. हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं, आणि आकाशवाणीचा सिग्नल जवळ आला, पांढरा शर्ट दिसला की कोपरातून डोक्यावर. सिग्नल गेला की परत कोपरात. त्या माणसाला धोका कळत नाही असं नाही. त्याला धोका अगदी अचूक कळतो, फक्त त्याच्या लेखी धोका म्हणजे पाचशे रुपये. शेजारून जाणारा पाण्याचा टँकर त्याच्या हिशेबात नाही.

अपघातानंतर मी काय केलं? शहाण्यासारखं वागलो. बावीस दिवस. रोज डावीकडे वळून, यू टर्न घेऊन गेलो. तेविसाव्या दिवशी गाडी चालू व्हायला वेळ लागला, सहा वीस झाले होते, आणि मी उजवीकडे वळलो. एक दूधवाला पाडून बावीस दिवस झाले होते. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ ला सगळ्या देशाने डावीकडून उजवीकडे चालायला सुरुवात केली. सगळे इतके घाबरून चालवायला लागले की अपघात एकदम कमी झाले. साधारण दोन वर्षांत पूर्वीच्या पातळीवर परत. त्यांची भीती दोन वर्षं तरी टिकली.

त्या दिवशी संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं, खरं खरं. ती काही रागावली नाही. तिने विचारलं, “किती मिनिटं वाचतात?” मी म्हणालो, चार. ती म्हणाली, “मग चार मिनिटं आधी उठ.” आणि कुकर लावायला गेली.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक वही घेतली. आमच्या त्या कटवर महिनाभर, सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास, उभा राहिलो आणि कंपनीत भरतो तशी निअर मिसची नोंद केली. तारीख, वेळ, कोणती गाडी कुठून, कुणी ब्रेक मारला, कुणी हँडल मारलं. एकोणतीस दिवसांत एक्केचाळीस नोंदी. शाळेची एक व्हॅन तीन वेळा. पहिल्या पानावर जानेवारीतली माझी स्वतःची नोंद आहे, ती धरलेली नाही.

ती वही घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला, वही चाळली, मनापासून बघितली. मग विचारलं, “यात मयत किती?”

“शून्य.”

“गंभीर जखमी?”

“महिनाभरात नाही. आधीचा एक.”

“मग बसत नाही हो निकषात.”

ते खोटं बोलत नव्हते. ‘ब्लॅक स्पॉट’ची केंद्राची व्याख्या तशीच आहे. पाचशे मीटरच्या पट्ट्यात, तीन वर्षांत, मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. तेवढं झालं की त्या जागेकडे पैसा आणि इंजिनिअर वळतात. मला त्या साहेबांचा राग आला नाही. ते कार्यालय माझ्यासारखंच वागत होतं. काही झालं नाही म्हणजे काही नाही.

आमच्या कटला खरं तर फार काही लागत नाही. कॉलनीच्या तोंडासमोर नीट डिझाईन केलेलं क्रॉसिंग द्या, किंवा यू टर्न सव्वा किलोमीटरऐवजी चारशे मीटरवर आणा. माणूस अडीच किलोमीटरचा फेरा रोज मारणार नाही, हे रस्ता आखणाऱ्याने आधीच धरायला हवं. आम्ही मशीनला दोन बटणं लावतो ती ऑपरेटर वाईट आहे म्हणून नाही, तो माणूस आहे म्हणून. कुणी म्हणेल हा राँग साईडवाल्यांचा लाड झाला. असेल. पण पोलीस तिथे रोज सव्वासहाला उभे राहू शकत नाहीत, आणि माझी भीती किती दिवस टिकते ते वर लिहिलंच आहे.

दुसरी गोष्ट, मागच्या महिन्यात मी त्या दूधवाल्याकडे गेलो. गोठ्यात होता. हात आता वर जातो, पण कॅन उचलायला पुतण्या लागतो. मी सांगितलं की चूक तुझी नव्हती, मी राँग साईडने येत होतो आणि हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तो म्हणाला, “माहीत हाये काका. एक्स-रे काढतानाच ध्यानात आलं होतं. पण तुम्ही थांबले, दवाखान्यात नेलं. म्हटलं जाऊ द्या.” मग थोडं थांबून, “आमच्या फाट्यावर मी बी तसाच जातो.” पुतण्या हसला. येताना त्यांनी एक लिटर दूध दिलं, पैसे घेतले नाहीत.

वही आता बाईकच्या साईड बॉक्समध्ये असते, दुसरी सुरू केली आहे. या वेळी एकट्या आमच्या कटची नको. देवळाई चौक, संग्रामनगर, मुकुंदवाडी, वाळूजचा रस्ता, तुमच्या रोजच्या वाटेवर जिथे पोटात गोळा येतो किंवा आधी यायचा आणि आता येत नाही, ती जागा कळवा. जागा, वेळ, काय होता होता राहिलं. गाडी नंबर नको, कुणाचं नाव नको. तुमची स्वतःची चूक असेल तर तीही चालेल, पहिल्या पानावर माझी आहेच. शंभर नोंदी झाल्या की त्याच कार्यालयात परत जाणार आहे. साहेबांनी चहाला या म्हटलंय.